फ्लफर: शब्द बोगद्यातला, बदनामी सेटची

‘जगातली सर्वांत अजब नोकरी’ ही पोस्ट तुमच्याकडेही आली असेल. माझ्याकडे तीनदा आली, त्यातली एक शाळेच्या ग्रुपवर, जिथे एरवी वाढदिवस आणि श्रद्धांजली यापलीकडे काही येत नाही. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत अडल्ट फिल्मच्या प्रत्येक सेटवर ‘फ्लफर’ नेमलेला असतो, दोन शॉटच्या मध्ये पुरुष कलाकाराची उत्तेजना टिकवणं हे त्याचं काम, पगार लाखात, व्हायग्रा आल्यावर ही नोकरी गेली, आणि शब्द तिथेच जन्मला, लंडनच्या भुयारी रेल्वेने तो नंतर चेष्टेने उचलला. खाली डोक्याला फडकी बांधून बोगद्यात उभ्या असलेल्या बायकांचा जुना कृष्णधवल फोटो, आणि हसून लोळणारे इमोजी.

‘प्रत्येक सेटवर’ इथेच घोळ आहे. हा धंदा वाढला लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत, आणि तिथे काम केलेले अनेक कलाकार मुलाखतींत सांगतात की असं माणूस आम्ही कधी पाहिलंच नाही. एखाद्या जुन्या शूटवर कुणी असेलही. पण नेमणूक, हुद्दा वगैरे नाही. साधा हिशेब करा. व्हिडिओ कॅसेट आल्यापासून ही शूटिंगं चिंगूस बजेटची. कॅमेरा, लाइट, मेकअप, दिग्दर्शक, झालं युनिट. गाडी अडली तर कॅमेरा बंद करायचा आणि थांबायचं. आणि सहकलाकार समोर असतेच की! १९९८ साली काही कलाकारांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, तेव्हा शॅरन मिचेल या माजी अभिनेत्रीने कलाकारांसाठी तपासणी केंद्र उभं केलं, आणि नियमित तपासणीचा शिरस्ता पडला. जिथे कॅमेऱ्यासमोरच्या माणसालाही ताजा रिपोर्ट दाखवावा लागतो, तिथे पडद्यामागून आणखी एक शरीर कोण आणेल?

पगाराचं काय बोलायचं. पदच नाही, तर वेतनश्रेणी कुठली?

व्हायग्राचा मुद्दा अर्धा खरा आहे. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि पुरुष कलाकारांचं काम सोपं झालं, हे खरं. पण ती गोळी इच्छा निर्माण करत नाही. ती रक्तपुरवठ्याला मदत करते, तीही अर्ध्या-एक तासाने, आणि लैंगिक उत्तेजना मुळात असेल तरच. तिच्याही आधी, १९९५ पासून, याच कामासाठी अल्प्रोस्टॅडिल नावाच्या औषधाचं इंजेक्शन मिळत होतं, ते काही मिनिटांतच काम करतं. म्हणजे औषधांनी चिंता हटवली म्हणा हवं तर. क्वचितच असलेली नोकरी खाणार किती?

आता शब्द. माझा खरा राग इथे आहे.

फ्लफ म्हणजे तूस, लव, कपड्यांवरून झडणारा मऊ कचरा. लंडनच्या बोगद्यांत तो भरपूर साचतो. गाडी बोगद्यातून जाताना हवा पुढे ढकलते आणि मागे ओढते. त्या ओढीबरोबर प्रवाशांचे केस, कातडीचा कोंडा, लोकरीचे धागे आत जातात आणि रुळांच्या कडेला गोधडीसारखे थर धरतात. ठिणगी पडली तर पेटायला एवढं पुरे. म्हणून मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी गेली, रुळांतली वीज तोडली, की ब्रश आणि सुपल्या घेऊन माणसं आत उतरायची. बहुतेक बायकाच. पहाटेच्या पहिल्या गाडीआधी हातात जेमतेम तीन-चार तास. काळोखात वाकून, केसांचे पुंजके ओढून पोत्यांत भरायचे. यांना फ्लफर म्हणत. ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्सच्या १९५८च्या माहितीपटात या बायका दिसतात. अडल्ट चित्रपटांचा उघड धंदा अमेरिकेत उभा राहिला तोच १९७०च्या आसपास. मग कोणी कोणाचा शब्द उचलला?

आपल्याकडे कापूस पिंजणाऱ्याला पिंजारी म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हा शब्दही त्याच गोत्रातला.

या सफाईला हसायचं असेल त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचं किंग्ज क्रॉस स्टेशन आठवावं. १८ नोव्हेंबर १९८७ ला त्या स्टेशनच्या लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ माणसं मेली. चौकशीत निघालं ते असं: जळती काडी फटीतून खाली पडली, आणि खाली वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस होतं, त्यात धूळ, तूस, केस मिसळलेले. ती जागा बोगदा नव्हती, हे मान्य. पण पेटलं ते हेच.

बाकी अर्थ सोज्वळ आहेत. इंग्रजी रंगभूमीवर संवाद चुकला की तो ‘फ्लफ’ झाला म्हणतात. कॅनडात, विशेषतः टोरांटोत, घर विकायला काढण्याआधी उशा, पडदे, फर्निचर मांडून ते देखणं करणाऱ्यांना हाउस फ्लफर म्हणत. ते आपल्या कार्डावर हा शब्द छापायचे की नाही, याचं मला फार कुतूहल आहे.

शाळेच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही. फक्त त्या फोटोखाली लिहिलं: या बायका रात्रपाळीच्या सफाई कामगार आहेत. दोघांनी इमोजी काढून टाकले.