‘आजकालच्या पोरी आणि सिझर’: एका फॉरवर्डला उत्तर

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी चोपड्याला माहेरी आली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक संदेश फिरत आला: आजकालच्या पोरींना कळा सोसत नाहीत म्हणून त्या सिझर मागून घेतात, आज्या शेतात बाळंत होत आणि संध्याकाळी भाकरी थापत, दवाखान्यात लवकर गेले की सिझर ठरलेले, तेव्हा पाणी गेले तरी कळा जोरात येईपर्यंत घरीच थांबा, सिझरच्या सुईने जन्माची कंबर जाते, अंगावर दूध येत नाही, आणि पुढचेही सिझरच होते. तो वाचून भाचीने दाराशी भरून ठेवलेली दवाखान्याची पिशवी कपाटात टाकली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

आधी पाण्याचे. पाणी गेल्यावर कधीकधी नाळ खाली सरकून दबते आणि बाळाचा रक्तपुरवठा काही मिनिटांत तुटू शकतो. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते. शिवाय जितका वेळ जाईल तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरून गरोदर बायकांना बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि इथे दवाखाना दहा मिनिटांवर असताना घरी बसण्याचा सल्ला वाटला जातो! यातले अर्धे सत्य एवढेच की कळा नुकत्या सुरू झाल्या असताना घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा, म्हणजे कळा जोर धरून तोंड भराभर उघडू लागते तो, गर्भाशयाचे तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यावर धरायचा असतो, आणि ते तासाला 1 सेंटीमीटर उघडले नाही एवढ्याच कारणावरून सिझर करायचे नसते. पण थांबायचे की नाही हे तपासून ठरते, मोबाइलवर वाचून नव्हे.

आता पोरींच्या धास्तीविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातले सिझरचे प्रमाण 2015-16 मध्ये 17.2 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 21.5 टक्क्यांवर गेले; त्यातही खासगी दवाखान्यांत ते 47.4 आणि सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के होते. कळा दोन्हीकडे सारख्याच येतात. खासगीत जाणाऱ्या बायकांचे वय आणि आजार वेगळे असू शकतात, हे मान्य. भीतीने सिझर मागणाऱ्या मुली असतात आणि मुहूर्त काढून आणणारे सासरेही असतात, हेही नाइलाजाने मान्य. तरीही तिपटीहून मोठा हा फरक केवळ पोरींच्या हिमतीने कसा समजावणार? आपल्याकडे तर कागदावर सही जावयाकडून किंवा सासऱ्याकडून घेण्याची घाई असते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते आणि तिलाच आधी विचारायचे असते, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आज्यांचे म्हणाल, तर भाकरी थापायला ज्या उरल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. भूल देण्यासाठी पाठीत टोचलेल्या सुईची जागा काही दिवस दुखते, कायमची कंबरदुखी तिच्यामुळे होत नाही. दूध थोडे उशिरा उतरू शकते, पण बाळाला पहिल्या तासातच पाजायला घेता येते. पहिल्या सिझरनंतर नीट निवड झालेल्या बऱ्याच बायकांची पुढची प्रसूती नॉर्मल होते. मात्र ती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच व्हायला हवी, कारण जुना टाका उसवण्याचा धोका थोडा का होईना असतो.

पिशवी काल पुन्हा दाराशी आली आहे, आणि सासरच्या डॉक्टरांची फाइल तिच्यात सर्वांत वर ठेवली आहे.