बिचाऱ्या कोण म्हणालं?

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, एका सोमाली लग्नातला. यजमानीणबाईंना विचारूनच. चेहरा कुणाचाच नाही, नुसते मेंदीचे हात, हातात मोबाईल आणि मध्ये हलव्याचं ताट. लगेच दोन उत्तरं आली. एक, ‘बिचाऱ्या.’ दुसरं, ‘यांना काय काम, दिवसभर मोबाईल.’ लिहिणारे दोघेही आपलेच, दोघेही भले. पण डोकं फिरलं ते फिरलंच. तिथे भांडत बसण्यापेक्षा इथे लिहिते.

सोमाली म्हटलं की आपल्याकडे समुद्री चाचे, दुष्काळ आणि बुरखा. पुढे गाडी सरकतच नाही. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि एकेका घरातली माणसं नैरोबीच्या ईस्टलीत, मिनियापोलिसला, टोरांटोला, लंडनला अशी विखुरली. लेस्टरला तर कितीतरी कुटुंबं आधी नेदरलँड्समध्ये राहून मग आली. सख्ख्या चार बहिणी चार देशांत, हे तिथे नेहमीचं. एवढं ऐकलं की आपण लगेच चेहरा पाडतो. आणि त्या बहिणी रात्री फोनवर काय करतात? हसतात. पोट धरून हसतात.

आमच्या शेजारणीचा उन्सीचा किस्सा सांगते, म्हणजे कळेल. उन्सी म्हणजे त्यांचा घरगुती धूप. साखरेचा घट्ट पाक करायचा, त्यात कुटलेला ऊद, चंदन असलं सुगंधी सामान घालायचं, गॅस बंद करायचा आणि मगच अत्तर ओतायचं. आधी ओतलं तर वास उडून जातो, आणि स्पिरिटवालं अत्तर असेल तर भडका उडतो तो वेगळाच. पाक जळला तर पुढे निखाऱ्यावर टाकल्यावर नुसती जळकी साखर घमघमते. तर बाईंनी पाहुणे यायच्या आधी दबकाद पेटवला (पांढऱ्या मऊ दगडाचं कोरीव धुपाटणं, एल बूर भागातलं), आणि फ्लॅटचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. बाईंनी काय करावं? त्या आवाजातच आपल्या बायकांच्या ग्रुपवर लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. मागे अलार्म ठणाणा करतोय आणि या शांतपणे सांगताहेत, नवऱ्याकडचे किती येणार, सांबूस (म्हणजे सामोसे) किती तळले, कोण रुसलंय.

त्यावर ग्रुपचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. पण हसता हसता उत्तरंही आली. मिनियापोलिसची आतेबहीण म्हणाली, कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत उन्सी टाकायचीच नाही, कच्च्या कोळशाचा धूर दुप्पट. नैरोबीची म्हणाली, चिमूटभर टाक, मूठभर नव्हे, लग्न तुझं नाहीये. तिसरीने अलार्मला अंघोळीची टोपी घालायचा सल्ला दिला, आणि मोगादिशूहून एका वयस्क एदोने, म्हणजे आत्याने, तिला झाप झाप झापलं की घर जळेल तेव्हा टोपीच घालून बस. लेस्टरमध्ये हिवाळ्यात रात्रीचे नऊ म्हणजे मोगादिशूत मध्यरात्र आणि मिनियापोलिसला दुपारचे तीन. तरी सगळ्या हजर. याला काम नाही म्हणायचं?

लिहिण्याऐवजी बोलूनच का पाठवतात, असंही एकाने मागे विचारलं होतं. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही खरा मान बोललेल्या शब्दाला. ऐंशी-नव्वदच्या दशकात आखातात आणि युरोपात गेलेली माणसं घरी पत्रं कमी, कॅसेटी जास्त पाठवायची. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरून. ख्यालीखुशाली, तक्रारी, मध्येच कुणाचं तरी पोर किंचाळतंय. पुढे इंटरनेटवर पालटॉकच्या बोलायच्या खोल्या आल्या, मग व्हॉट्सॲप. माध्यम बदललं, सवय तीच.

आणि बायकांचं बोलणं म्हणजे फालतू, हा शेराही तिथे जुनाच. पुरुषांची गबय ही भारदस्त कविता, तिचा अभ्यास झाला, पुस्तकं झाली. बायकांचं बुरांबुर म्हणजे लग्नात ढोलक्यावर म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या, एकेकीने रिंगणात उतरून नाचायचं. ते हलकंफुलकं समजलं गेलं. त्या हलक्याफुलक्यात नवरीच्या आईचं कौतुक असतं, माहेरच्या पिढ्या असतात आणि सासरला चिमटेही असतात. आता ज्या मावशीला व्हिसा मिळत नाही ती बुरांबुर रेकॉर्ड करून पाठवते आणि हॉलमध्ये स्पीकरला फोन लावून ते वाजवतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांनाही आधी कोण विचारत होतं?

टोपणनावांचा तर कहर. लांबूडकी, बुटकी, लंगडा, बोबडी, जे दिसेल ते तोंडावर. देशाचा २०१७ ते २०२२ मधला राष्ट्राध्यक्ष जगभर ‘फर्माजो’ म्हणूनच ओळखला जातो, म्हणजे इटालियन भाषेत चीज! जिथे राष्ट्राध्यक्ष सुटत नाही तिथे अलार्मवाली सुटेल? तिचं त्या रात्रीपासून नाव पडलं ‘अग्निशमन’. पण हाक मारताना अबायो, म्हणजे ताई. आणि गंमत बघा, आई पोरालाच ‘होयो’, म्हणजे आई, म्हणून हाक मारते, मावशी भाचीलाच मावशी म्हणते. एवढ्या लाडाने बोलावून मग तिखट बोलायचं.

आता ‘काय काम’वाल्यासाठी खास. याच बायकांची भिशी चालते. आपली भिशीच, नाव अयूतो किंवा हग्बद. समजा बारा जणी, महिन्याला दोनशे पाउंड, दर महिन्याला एकीला चोवीसशे. व्याज नाही, त्यामुळे धर्माचीही आडकाठी नाही. कागद नाही, सही नाही. म्होरकी यादी ठेवते. पहिले नंबर अडचणीच्या बायकांना: विमानाचं तिकीट, कॉलेजची फी, आईचं ऑपरेशन. नवीन बाई शेवटी, तिने आधी अकरा महिने भरून दाखवायचं. बुडते कधी? लवकर नंबर लागलेली पैसे घेऊन गायब झाली की. मग म्होरकी पदरचे घालते किंवा तोंड लपवते. म्हणून ती हप्त्याच्या तारखेवर नव्हे, गप्पांवर डोळा ठेवते. रोज खिदळणारी बाई आठवडाभर नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवतेय? लगेच खासगीत फोन: अबायो, घरी बरं आहे ना? पुष्कळदा नवऱ्याची नोकरी गेलेली असते. मग तिचा नंबर वर सरकवतात किंवा दोघी मिळून तिचा हप्ता भरतात, आणि हे मोठ्या ग्रुपवर कुणालाही कळत नाही. अलार्मच्या किश्श्यावर जी हसली नाही, तिलाच दुसऱ्या दिवशी फोन गेला होता. कळलं का, बाबा?

पण थांबा. भिशी चालते म्हणून हसणं माफ, असं मला म्हणायचं नाहीये. भिशी नसती तरी त्यांनी हसावं. पुरुष कॅफेत बसून चार-चार तास मोगादिशूचं मंत्रिमंडळ बनवतात नि पाडतात, त्यांच्याकडे कुणी हिशेब मागत नाही.

मान्य, सगळं गोड नाही. कुळा-कुळांची भांडणं ग्रुपवर येतात, स्क्रीनशॉट फुटतात, अफवा पळतात. टिकटॉकच्या लाइव्हवर तर नको नको ते चालतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सरकारने टिकटॉक आणि टेलिग्राम बंद करण्याचा हुकूमच काढला. असो. भांडणं आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर होत नाहीत जसं काही.

जाणत्या ग्रुपांचे नियम मात्र कडक असतात. बायकांच्या समारंभातला बिनहिजाबचा फोटो बाहेर गेला तर पाठवणारी बाहेर, चौकशी नंतर. कित्येक लग्नांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. लग्नाचा ग्रुप वेगळा, भिशीचा वेगळा, मयतीच्या किंवा आजारपणाच्या वर्गणीचा, म्हणजे कारानचा, वेगळा. कारानच्या ग्रुपवर विनोद चालत नाही. तिथे रक्कम आणि दुआ, बस्स.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. बाळंतिणीचा ग्रुप आठवला म्हणून असेल. त्यांच्याकडेही बाळंतीण चाळीस दिवस घरात, आपल्या सव्वा महिन्यासारखीच. गावी असती तर मावश्या-आत्यांनी घर भरलं असतं. इथे सेमी-डिटॅच्ड घरात ती, बाळ आणि हीटरचा आवाज. रात्री तीनला पाजायला उठली की ग्रुपवर लिहायचं, कोण जागं आहे? अमेरिकेत तेव्हा रात्रीचे नऊ-दहाच असतात, कुणीतरी असतंच. रडत बोलायला लागते आणि पंधरा मिनिटांत नणंदेच्या नकलेवर हसत असते. चाळिसाव्या दिवशी अफर्तन बह, म्हणजे तिचं पुन्हा माणसांत येणं, तेही अर्धं व्हिडिओ कॉलवर.

आत्ता हे टाइप करताना तिकडे बायकांच्या ग्रुपवर अंजेरोवरून जुंपलीय. आंबवलेल्या पिठाचं ते घावनासारखं, एकाच बाजूने भाजायचं, मधून बाहेर पळीच्या पाठीने गोल गोल फिरवत. एकीच्या अंजेरोला डोळेच पडत नाहीयेत, म्हणजे जाळी. एक म्हणते पीठ घट्ट आहे, दुसरी म्हणते तवा फार तापलाय, तिसरी म्हणते थंडीत रात्रभर पुरत नाही, पातेलं कोमट ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन बंद करून. एदो म्हणतात, आधी तवा बदल, मग नवरा. फोटोवर फोटो येताहेत, एक घावन काळं, एक पांढरं फटक. मी तिकडे चालले.