पुढचं चाक तापलं म्हणून लगेच कॅलिपर बदलू नका

पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पंधरा दिवसांत मला तो चौघांनी पाठवला, एकाने तर वर ‘सेव्ह करून ठेवा’ असंही लिहिलं. मजकूर थोडक्यात असा: पुढचं चाक हाताला गरम लागलं की त्या बाजूचा कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) जाम झाला समजा. डिझेल किंवा ग्रीस मारून बघा. नाही सुटला तर दोन्ही बाजूंचे कॅलिपर नवे टाका. होज पाइप (कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाइप) बाहेरून चांगला दिसत असेल तर त्याला हात लावू नका. रस्त्यात ब्रेक धरलाच तर चाकावर पाणी मारा, निपल (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून थोडं ऑइल सोडा आणि गाडी खुशाल चालवा.

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो. बाकीच्या बहुतेक मी स्वतः करून, पैसे घालवून बसलोय.

आधी ते गरम चाक. नारायणगावहून 70 क्रेट टोमॅटो भरून माळशेज उतरा आणि टोकावड्याला चहाला थांबा, पुढची दोन्ही चाकं तापलेलीच असणार. दीड टन माल घाटात आवरायचा तर ती उष्णता कुठेतरी जाणारच. बघायचं ते दोन्ही बाजूंतला फरक. सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवा, हळूहळू थांबवा आणि दोन्ही रिमांजवळ तळहात धरा. डिस्कला बोट लावू नका, कातडी सोलून निघेल. एकच बाजू भट्टीसारखी असेल, गाडी त्याच बाजूला ओढत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. मग चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. पॅड किंचित घासल्याचा आवाज येतोच, डिस्क ब्रेकमध्ये तो चालतो. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर ब्रेक धरतोय. फिरताना घरघर येत असेल, वर-खाली हलवल्यावर चाक खुळखुळत असेल, तर आधी बेअरिंग बघा. तेही तापतं, आणि शिव्या कॅलिपरला बसतात.

आता मुख्य मुद्दा, ‘कॅलिपरच जाम’. पिस्टन मागे ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग असते असं पुष्कळांना वाटतं. तशी काही नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर जराशी पिळते, पाय काढला की परत सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. तेवढंच. पण त्यासाठी मागचा दाब आधी पूर्ण उतरावा लागतो. मागे ऑइल दाबात अडकलेलं असेल तर कालच बसवलेला कोरा कॅलिपरही चाक धरूनच ठेवणार. म्हणून पहिला प्रश्न एकच: दाब अडकलाय, की लोखंड अडकलंय?

त्याचं उत्तर निपल देतो. गाडी सपाटीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढे जॅकबरोबर घोडीही (लोखंडी स्टँड) द्या. चाक जाम असतानाच निपल सैल करा. गार होऊन आपोआप सुटल्यावर करून उपयोग नाही, चोर निघून गेलेला असतो. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर बहुतेक निर्दोष आहे. ऑइल आलं तरी चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन गंजलाय, गाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) अडकल्यात किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये रुतलेत. पॅडही बोलतात: पिस्टनकडचा जास्त झिजला असेल तर बहुधा पिन सरकत नाहीत, एकच पॅड तिरका झिजला असेल तर दोनांतली एक पिन अडकलेली असू शकते.

दाबच अडकलाय असं निघालं तर मागे मागे सरकत जायचं. निपल बंद करा, पेडल मारून चाक परत धरवा आणि चॅसिसवर लोखंडी नळी होजला जिथे जोडते तो नट सैल करा. तिथे सुटलं तर अडचण त्याच्याही मागे आहे. तिथे नाही, पण निपलला सुटतं, म्हणजे होजच. दोन्ही पुढची चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागाकडे बघा. तो बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) ज्या दोन नटांवर बसतो ते थोडे ढिले करून सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढा. तेवढ्याने चाकं सुटली तर बूस्टरच्या दांड्याला प्ले, म्हणजे मोकळी जागा, उरलेला नाही. मास्टरमधलं ऑइल परत जायचं बारीक छिद्र त्यामुळे झाकलेलं राहतं, तापलेलं ऑइल फुगतं आणि ब्रेक आणखी आवळतो. सकाळी गाडी ठीक आणि मुरबाडला पोचेपर्यंत जाम, या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

‘होज बाहेरून चांगला तर चांगला.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मी माझं बिल दाखवीन. माझ्या गाडीचा डावा ब्रेक धरायचा. एका गॅरेजमध्ये डावा कॅलिपर बदलला, महिन्याने परत तेच, म्हणून मग उजवाही बदलला (का, ते आजही मला सांगता येणार नाही). होज दिसायला नवाकोरा होता. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने वरची परीक्षा केली आणि होज धरणारी पत्र्याची पट्टी दाखवली. पट्टीच्या आत गंजाचे पापुद्रे वाढून तिने रबर चेपलं होतं. पायाचा जोर त्या चेपलेल्या वाटेने ऑइल पुढे ढकलायचा, परत यायला तेवढा जोर नाही. कधी आतलं रबर फुगून किंवा त्याची साल सुटूनही अशी झडप तयार होते. चाचणी सोपी आहे: निपल बंद ठेवून पिस्टन क्लॅम्पने मागे दाबा, मग उघडून दाबा. बंद असताना दगड आणि उघडल्यावर लोणी, आणि वरच्या नटच्या परीक्षेतही होजच निघाला, तर होज बदला. निपल उघडून दाबण्याचा आणखी एक फायदा, कॅलिपरमधला गाळ उलटा मास्टरमध्ये आणि एबीएसमध्ये जात नाही.

डिझेल आणि ग्रीसबद्दल फार बोलायला नको. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात, खनिज तेल लागलं की फुगतात. आज सुटलेला ब्रेक त्यामुळेच पुढे आणखी घट्ट धरतो. आणि पॅडवर गेलं तर ब्रेकच लागत नाही. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं चॅसिस ग्रीस नको.

चाकावर पाणी? लालबुंद डिस्क बिडाची असते, एकदम गार केली तर वाकते किंवा तडकते. वाफ तोंडावर येते ती वेगळीच. गाडी बाजूला लावा आणि वाट बघा.

राहिली ती अर्धी खरी गोष्ट, निपल सैल करायची. घाटातल्या वळणावर चाक जाम होऊन मागे रांग लागली असेल तर ऑइल सोडून गाडी कडेला घ्या, मीही घेतलीय. पण ‘खुशाल चालवा’ नाही. पुन्हा ब्रेक मारला की तो परत धरणार. शिवाय ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 140 वर येते. धरलेल्या ब्रेकला तिथपर्यंत तापायला फार वेळ लागत नाही, आणि ऑइल उकळून वाफ झाली की पेडल फरशीला टेकतं. तेव्हा खाली टोकावडे असतं आणि मागे दीड टन टोमॅटो.

माझा होज आणि नवी पट्टी मिळून एका कॅलिपरच्या किमतीच्या पासंगालाही पुरले नाहीत. काढलेले दोन्ही कॅलिपर गोठ्याच्या माळ्यावर आहेत. मिस्त्रीने दोघांचे पिस्टन बोटाने दाबून पाहिले होते, छान सरकत होते.