काटा बरोबर आहे

४५२ क्राउन. एका क्राउनचे साधारण चार रुपये धरा, म्हणजे झाले अठराशे. कशाचे, तर पुठ्ठ्याच्या ताटलीतल्या भाजलेल्या हॅमचे. पावाचे वेगळे. फलकावर ठळक अक्षरांत ११९ लिहिलंय. त्याच्याखाली, औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या अक्षरात, '१०० ग्रॅ.' असंही लिहिलंय. ते मी पैसे दिल्यावर वाचलं.

स्थळ चेक प्रजासत्ताकातल्या प्रागचा जुना चौक. त्याचं खरं नाव स्तारोम्येस्त्स्के नाम्येस्ती. उच्चार जमेपर्यंत हॅम गार होतं.

यात बेकायदा काही नाही, हेच तर दुखणं आहे. लाकडी टपरी, पुढ्यात निखाऱ्यांवर फिरणारी डुकराची अख्खी मांडी, चौकभर धुराचा वास. आपण एक बोट वर करून 'वन' म्हणतो. आपल्या लेखी वन म्हणजे एक प्लेट, ११९ क्राउनची. त्याच्या लेखी वन म्हणजे एक ताटली, आणि तीत किती घालायचं हे तो ठरवणार. सुरी एकदा चालली की साडेतीनशे ग्रॅमच्या आत थांबत नाही, आणि कापलेलं परत घेत नाहीत. शाकाहारी मंडळींनी हसू नये. शेजारच्या कढईतले बटाटे आणि आंबवलेला कोबीही वजनावरच आहे, आणि बटाटा हॅमपेक्षा लवकर वजन धरतो. उपाय एवढाच: सुरी लागायच्या आधी 'स्तो ग्रामू' म्हणायचं, म्हणजे शंभर ग्रॅम. मग नजर काट्यावर ठेवायची. चौकातल्या प्रसिद्ध घड्याळाकडे बघत बसलात की संपलं.

याच शहरात नोटा बदलून घेताना फसलात तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १००० युरोपर्यंतचा व्यवहार पावती दाखवून तीन तासांच्या आत रद्द करता येतो. हॅमला तीन मिनिटंही नाहीत. समोर पिठाच्या वळ्या साखरेत घोळवून 'जुनी बोहेमियन मिठाई' म्हणून विकतात, तिचं मूळ गाव स्लोव्हाकियातलं स्कालित्सा. त्यावरही कुणी काही बोलत नाही. असो.

मी पावतीवरच्या ३८० ग्रॅमकडे बघत उभा होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. "फसलात?"

मराठीतून. पायात पांढरे बूट, डोक्याला कानटोपी, गळ्यात सहल कंपनीचं ओळखपत्र. काका सांगलीचे, वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त. म्हणजे जन्मभर वाण्यांचे काटे तपासलेला माणूस. त्यांनी माझ्या ताटलीकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांचे डोळे काट्यावर खिळले होते.

"पाणपातळीचा बुडबुडा मध्यावर आहे," ते म्हणाले. "शिक्का आहे. आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसतोय. वर्ग तीन, म्हणजे दुकानातला काटा. ई, म्हणजे काट्याची एक पायरी, पाच ग्रॅमची. आपल्याकडे हेच नियम, बरं का. पाचशे ईपर्यंत पडताळणीला अर्धा ई सूट, वापरात एक ई. म्हणजे तुमच्या ३८० ग्रॅमला फार तर पाच ग्रॅम इकडेतिकडे."

"काका, प्रश्न काट्याचा नाहीये…"

"प्रश्न नेहमी काट्याचाच असतो." असं म्हणून त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत दहा रुपयांची नाणी. "सांगलीत ही कुणी घेत नाही. पण एक नाणं ७.७१ ग्रॅमचं. तेरा नाणी म्हणजे १००.२३. टाकसाळीचं माप आहे, फिरतं वजन म्हणून बाळगतो."

आणि त्यांनी ती तेरा नाणी त्या माणसाच्या काट्यावर रचली.

विक्रेत्याला वाटलं, हा म्हातारा पैसे देतोय. "नो, नो! क्राउन! कार्ड!" काकांनी हात वर केला. सरकारी हात. या हातापुढे मिरज-सांगलीचे किती व्यापारी गप्प झाले असतील कोण जाणे. प्रागचा हा गडीही सुरी हातात धरून थांबला. काट्याने आकडा दाखवला: १००.

"काटा बरोबर आहे," काकांनी निकाल दिला आणि त्या माणसाशी हस्तांदोलन केलं. माझ्या अठराशे रुपयांसमोर, माझ्याच साक्षीने. "पासंग नाही, दांडी नाही. शंभर टक्के प्रामाणिक काटा. चूक तुमची, तुम्ही फलक वाचला नाहीत."

मागे रांग लागली होती. एका बाईला वाटलं, हा काही स्थानिक विधी आहे. तिने फोटो काढला.

मी शेवटचा प्रयत्न केला. "पण ताटलीचं वजन धरलं की त्याने! काटा शून्य केलाच नाही!"

काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी ढिगातून एक रिकामी ताटली उचलली, नाणी काढून काट्यावर ठेवली. २०. मी ओरडलोच, "बघा!"

"ग्राह्य नाही."

"म्हणजे?"

"वर्ग तीनला किमान वजन वीस ई. ई पाच ग्रॅम, म्हणजे किमान १००. त्याखालचं वाचन मी मानत नाही." इथे मला चेक आणि भारतीय या दोन्ही राष्ट्रांचा राग आला. मग काकांनीच ताटलीत नाणी ओतली. १२०. "आता ग्राह्य. वीस ग्रॅम पुठ्ठा तुम्ही हॅमच्या भावाने घेतलात. चोवीस क्राउनला वीस पैसे कमी." आणि विक्रेत्याकडे वळून, इंग्रजीत, एकेक शब्द मोकळा करत: "प्लेट. नॉट. हॅम."

त्या माणसाने बराच विचार केला आणि माझ्या ताटलीत चमचाभर मोहरी वाढली.

याच शहरात नव्या नगराच्या टाउन हॉलच्या भिंतीत लोखंडी गज बसवलेला आहे, सुमारे ५९ सेंटिमीटरचा. तो प्रागचा हात, कापड मोजायचं जुनं माप. शंका आली की गिऱ्हाइकाने तिथे जाऊन ताडून बघावं म्हणून. पाव वजनात मारणाऱ्या भटारी लोकांना टोपलीत घालून व्ल्टावा नदीत बुचकळत, असंही सांगतात. मी हे काकांना सांगणार होतो. पण मग ते गज मोजायला निघाले असते, म्हणून गप्प बसलो.

तेवढ्यात तास भरत आला. घड्याळ १४१० सालचं, सकाळी नऊ ते रात्री अकरा दर तासाला खेळ. अख्ख्या चौकाने माना वर केल्या. सांगाडा दोरी ओढतो, बाजूचा कंजूष पैशाची थैली हलवत नकाराची मान डोलावतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित सरकत जातात, कोंबडा आरवतो. सगळं मिळून पाऊण मिनिट. एवढ्यासाठी लोक वीस वीस मिनिटं आधी जागा धरतात, आणि वीस मिनिटं उभं राहिलं की भूक लागते. टपऱ्या उगाच तिथे नाहीत.

"अहो, चला! बस सुटेल!" काकू झेंडेवाल्या मुलीच्या मागून हाका मारत होत्या. काकांनी घाईघाईने नाणी रुमालात गोळा केली आणि निघाले.

मी ताटली घेऊन यान हुस या धर्मसुधारकाच्या पुतळ्याशी बसलो. १९१५ सालचा पुतळा, हुसला जाळल्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा उभारलेला. त्यावर कोरलंय की एकमेकांवर प्रेम करा आणि प्रत्येकाला सत्य लाभो अशी इच्छा धरा. हॅम वाईट नव्हतं. कडेला खारट, आत ओलसर. पण ३६० ग्रॅम एका माणसाने कसं खावं? शेवटचे दोन काप कबुतरांनीही नाकारले.

दहा मिनिटांनी काका धापा टाकत परत आले. "बाराच आहेत," ते म्हणाले. "मोजली दोनदा. बारा म्हणजे ९२.५२. याला काय अर्थ आहे?"

आम्ही दोघेही टपरीकडे वळलो. गल्ल्याजवळ बक्षिसीचा काचेचा पेला होता. त्यात युरोची चिल्लर, क्राउनची चिल्लर, आणि मधोमध, पितळी कडेचं, दहा रुपये.