टोपोशीट रद्दीत काढायची घाई नको

‘मोबाइलवर सगळं दिसतं, सॅटेलाइट फोटो हाच खरा नकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट जुन्या, चुकीच्या, वर सामान्यांना मिळतही नाहीत.’ ट्रेकच्या ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर मुद्द्यामुद्द्याने तपासू. टोपोशीट म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते दाखवणारा सविस्तर सरकारी नकाशा.

मोबाइलवर सगळं दिसतं? वाट दिसते, पण तिचा चढ किती हे सहज कळत नाही. 1:50,000 च्या टोपोशीटवर 1 सेंमी म्हणजे 500 मीटर. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटर उंचीला, त्यातली पाचवी ठळक. शेजारच्या दोन ठळक रेषांवर पट्टी धरा. 4 मिमी भरले तर आडव्या 200 मीटरांत 100 मीटर चढ, साधारण 27 अंश; दमछाक होईल, पण चढता येईल. 1 मिमी भरला तर 63 अंश. सह्याद्रीत हा कातळकडाच धरायचा, तिथून वाट आखायची नाही. मात्र दोन रेषांच्या मध्ये 15 मीटरचा टप्पा लपू शकतो, हे टोपोशीटलाही चुकलेलं नाही.

फोटो खराच, पण तो झाडीचा माथा दाखवतो, खालचा ओढा नाही. टोपोशीटवर पाणी असलेलं पात्र निळं आणि कोरडं पात्र काळं छापतात. उन्हाळ्यात काळ्या रेषेच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या ठेवू नयेत.

जुन्या? रस्ते आणि धरणांबाबत आक्षेप रास्त आहे. समासातलं सर्वेक्षणाचं साल आधी वाचावं. डोंगराची सोंड मात्र हललेली नसते. खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. जुन्या शीट एव्हरेस्ट आधारपृष्ठावर, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर; अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा आकार धरायच्या या दोन वेगळ्या पद्धती. फोनवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जुन्या शीटवर मांडले, की महाराष्ट्रात खूण शंभराच्या घरात मीटर सरकते. कागदावर जेमतेम 2 मिमी, पण अरुंद धारेवर तेवढ्यात बाजू बदलते. आकडे आधी रूपांतरित करा किंवा ओपन सिरीजची, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या मालिकेतली शीट घ्या. ती डब्ल्यूजीएस 84 वरच असते.

मिळत नाहीत, हे तर जुनं झालं. 2017 पासून ओपन सिरीजच्या पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मोफत मिळू लागल्या. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय तेवढा बंद करा, नाहीतर नकाशा आक्रसतो आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. तसा छापून झालाच असेल, तर अंतर नकाशाखाली छापलेल्या रेषाप्रमाणावरून, म्हणजे अंतराच्या पट्टीवरून मोजा; तेही नकाशाबरोबरच आक्रसलेलं असतं.