सर, आधी थुका

३१ मेची संध्याकाळ. मुन्नाच्या पानठेल्याशेजारचा आपला तोच नालीवरचा ओटा. सरांनी फोन काढला आणि सकाळच्या तंबाखूमुक्तीच्या शपथेचा फोटो आळीपाळीनं सगळ्यांच्या नाकासमोर धरला.

"उन्हाळ्याच्या सुट्ट्यात पोरं कुठून आणले बे?" गज्यानं विचारलं.

"अकरा आले होते. फोटो अपलोड करावा लागते." सरांनी हनुवटी आभाळाकडे केली, कारण गालात खर्रा होता, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू. मग त्याच अवस्थेत भाषण सुरू झालं. "तंबाऊमुत्त हमाज ही ताळाची गरज आहे."

"सर, आधी थुका. मग समाज मुक्त करा."

सर नालीत थुंकले आणि कडक अंमलबजावणीवर आले. बंदी पाहिजे, कायदा पाहिजे. मुन्ना प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी घोटत होता. हात न थांबवता म्हणाला, "गुटख्यावर बंदी २०१२ पासूनच आहे, सर. भाडेकरारासारखी दरसाल नवी होते. खर्रा बी त्यातच येते. म्हणून मी खर्रा विकत नाई. सुपारीचे पैसे घेतो, तंबाखूचे घेतो, चुना फुकट. घोटून देतो ते मैत्रीखातर."

"अन् शाळेपासून शंभर यार्ड?"

"ते सरांनीच मोजले. बारीक बारीक पावलं टाकत आले, म्हणून एकशेदहा भरले."

सर रागावले नाहीत. सरांना राग येत नाही, परिपत्रक येतं. डब्बूनं मधेच, तंबाखूचा टॅक्स बुडेल, बिडी कामगारांचं काय, हे नेहमीचं काढलं. ते लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल.

"पुडीवर ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचा फोटो असते," सर म्हणाले, "तरी लोक..."

"कोणत्या पुडीवर?" गज्यानं मुन्नाच्या हातातली पन्नी ओढून उजेडात धरली. पन्नीतून समोरचा गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, आरपार दिसत होता. "हिच्यावर काय छापणार? आपल्या इकडे बिडी-सिगरेटवाले किती अन् खाणारे किती? अन् फोटो कोणाच्या पुडीवर, तर ज्याले पुडी आहे त्याच्या."

सरांचं शेवटचं अस्त्र म्हणजे इच्छाशक्ती. ज्याला मनापासून सोडायची आहे तो सोडतो, वगैरे. इथे गज्या जरा चिडला.

"ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्रातले डान्सबार बंद करून दाखवले, त्याच्यात इच्छाशक्ती कमी होती म्हणता? तोंडाच्या कॅन्सरनं गेले आर. आर. आबा, २०१५ ले."

कोणी काही बोललं नाही. मुन्नाचंही घोटणं थांबलं.

"माह्या बहिणीच्या गावी पाहा," गज्या पुढे म्हणाला. बहीण गडचिरोलीकडे दिलेली. "२०१६ पासून दारू-तंबाखू सोडवणारे मुक्तिपथवाले फिरून राहिले. बायका एकत्र आल्या अन् ठेल्यावाल्याले सांगतलं, गावात खर्रा विकायचा नाई. जावई जातो तर खिसे तपासते सासू."

"तिथे डॉक्टर अभय बंग आहेत. आपल्याकडे कोण आहे?"

"आपल्याकडे तुमी आहा ना, सर."

हे हसणं चांगलं दोन मिनिटं चाललं. डब्बूला ठसका लागला. सरही हसले, आणि सवयीनं मुन्नापुढे हात केला. "मी तसा सुपारीच जास्त खातो. तंबाखू नावाले."

"सुपारीनंच आवळते तोंड," गज्या म्हणाला. "डेंटलले गेलो होतो तवा डॉक्टरीणबाईनं बोटं उभी घालायले लावले. चांगल्या तोंडात तीन जातात. माह्या दीडच गेले. सोडून दोन वर्षं झाले, तरी दीडच."

मग आम्ही गुपचुप खायला उठलो, नेहमीप्रमाणे डब्बूच्या पैशानं. इतके दिवस मी पाहत आलो होतो की गज्या गुपचुप हातात घेऊन आधी फोडतो, पाणी सांडू देतो आणि मग तुकडा तुकडा आत सरकवतो. मला वाटायचं, आपली स्टाईल. आज नीट पाहिलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, शर्टाची बाही ओली झाली. गुपचुपवाल्यानं न सांगता त्याला कागद दिला. त्याला आमच्याआधी माहीत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी जुनी टेप लावली. गज्यानं फायनलला सोडलेला कॅच. वीस वर्षं मी हे ऐकवतोय. शेवटची ओव्हर, सरळ हातात आलेला बॉल आणि हा लाँगऑनला पन्नी सोडत उभा.

"हाव, पन्नीच होती हातात," गज्या म्हणाला. "पयली पन्नी होती. ते देल्ली कोणं होती, सांगू का?"

सर फोन खिशात घालायचे थांबले. मुन्ना ठेल्यावरून वाकला. मी गुपचुपवाल्याकडे उगाच अजून तिखट मागितलं.

"कॅचचं बिल वीस वर्षं माह्यावर फाडलं ह्यानं," गज्या ओल्या बाहीनं माझ्या पाठीत थाप घालत म्हणाला.

"बिलावरून आठवलं," मुन्ना तिकडून ओरडला. वही हातात होती. "गज्याचे तीनशे चाळीस बाकी आहेत. दोन वर्षं झाले, सोडला तवापासूनचे. कोणाच्या नावावर टाकू?"

आणि अख्ख्या कट्ट्यानं, सरांसकट, माझ्याकडे बोट दाखवलं.