पुढच्या आठ खुर्च्या

इंदूरच्या सुदामानगरातल्या समस्त शेजाऱ्यांनो, परत आल्यावर मला 'क्या भिया, कैसा रहा फर्स्ट क्लास' असं कोणीही विचारू नका. हात जोडून सांगतो. ठाण्याला भावाच्या बाल्कनीत बसून हे लिहितोय आणि कालचा राग अजून उतरलेला नाही.

मुळात तो फर्स्ट क्लास नव्हेच. इंदूर-मुंबईसारख्या टप्प्यावरच्या विमानात पुढे आठ खुर्च्या असतात, दोन इकडे, दोन तिकडे, अशा दोन रांगा, मग एक पडदा. त्याला बिझनेस म्हणतात. फर्स्ट क्लास हे नाव आईने दिलेलं. तिला यंदा पंचाहत्तरावं लागलं, गुडघे बोलायला लागलेत, आणि पुतण्याची मुंज निघाली. म्हटलं, आयुष्यात एकदा आईला थाटात नेऊ. आम्ही पाच जण: आई, बायको, मुलगा, धाकटी आणि मी. पाच तिकिटांचे ८२ हजार. त्यात जीएसटी वेगळा डोक्यावर. मागे बसलात तर ५ टक्के, पुढे बसलात तर १८. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळीकडे 'जीएसटी कमी झाला' म्हणून पेढे वाटले जात होते, तेव्हा याच खुर्च्यांचा १२ चा १८ झाला होता. पेढे मीही खाल्ले.

बुकिंग करताना सीटा निवडल्या होत्या. पहिली पूर्ण रांग आपली आणि पाचवा मी, आईच्या मागे. काउंटरवर मुलीने कळफलकावर टकटक केलं आणि म्हणाली, "सर, सिस्टमने चेंज किया है." सिस्टम म्हणजे कोण? तिच्या घरचं कोणी मोठं माणूस असावं, कारण त्यापुढे कोणाचं काही चालत नव्हतं. आई दुसऱ्या रांगेत खिडकीशी एका अनोळखी लॅपटॉपवाल्या गृहस्थाच्या शेजारी, धाकटी पहिल्या रांगेत एका बाईंजवळ, बाकीचे तिघे विखुरलेले.

मागे इकॉनॉमीत असतो ना, तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. "भैया, आप उधर बैठ जाओ, माताजी के साथ बच्ची है," एवढं म्हटलं की माणसं उठतात, वर बॅग ठेवायलाही हात लावतात. पुढे कोणी उठत नाही. लॅपटॉपवाले गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाले, "मैंने ये सीट चुनकर ली है." बरोबरच आहे. त्यांनीही सोळा हजार मोजलेत. कोण कोणासाठी हलेल?

आणि त्या खुर्च्या! रुंद आहेत, कबूल. पण दोन खुर्च्यांच्या मधला हात म्हणजे भिंत. जेवणाचा ट्रे त्याच्याच पोटातून निघतो, म्हणून तो वर होत नाही. बाईंना दया आली म्हणून धाकटी शेवटी आईशेजारी आली (लॅपटॉपवाल्यांना बाईंची पहिल्या रांगेतली खिडकी मिळाली, मग उठले), तर आजीच्या मांडीवर डोकं ठेवायची सोय नाही. मागच्या साध्या सीटला हात वर केला की तीन सीटांची खाट होते.

पण माझं खरं भांडण बसशी आहे. घोषणा झाली, बिझनेसच्या प्रवाशांनी आधी यावं. आलो. छाती थोडी फुगवूनच आलो, खोटं कशाला बोला. रांगेतल्या सत्तर-ऐंशी लोकांच्या नजरा घेत, आईला हाताला धरून, पहिल्यांदा आम्ही. कुठे? तर विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये. आणि ती बस भरेपर्यंत हलणार नव्हती. सतरा मिनिटं, मी घड्याळ लावलं होतं. जे आधी चढले ते आत ढकलले गेले, जे शेवटी आले ते दाराशी उभे राहिले. विमानाजवळ दार उघडलं, तेव्हा पहिल्यांदा उतरले ते शेवटचे लोक, आणि सगळ्यात शेवटी उतरलो आम्ही, आई 'अरे बाबा सावकाश' म्हणत. म्हणजे 'आधी चढा' हे सोळा हजारांचं कलम प्रत्यक्षात 'उकाड्यात जास्त वेळ उभे राहा' असं होतं.

आता हवेतलं ऐका. इंदूर ते मुंबई हवेतून जेमतेम ५०० किलोमीटर. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत धरा तासभर. चढताना पहिली काही मिनिटं क्रूसुद्धा पट्टा बांधून बसलेला, आणि उतरणं सुरू होतं वीस-पंचवीस मिनिटं आधी. मधे जो अर्धा तास उरला, त्यात गरम टॉवेल, सरबत, तीन वाट्यांचं जेवण, कॉफी आणि 'कसं वाटलं' हे सगळं. माझ्या पुढ्यात ट्रे आला, पनीरच्या वाटीचं झाकण निघालं नाही, ते निघालं तोवर "सर, कॅन आय क्लिअर?" आईची तर त्या दिवशी संकष्टी. उपासाचं काही आहे का विचारलं, तर ते आधी कळवावं लागतं. मग तिच्यापुढे बन ठेवला. तिने तो बाजूला सारला आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. ८२ हजारांच्या प्रवासात आईच्या पोटात गेलं ते घरचंच.

आणि थट्टा बघा. मुंबईची धावपट्टी मोकळी नव्हती. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि बाकीची विमानं वर घिरट्या घालतात. आम्हीही घातल्या. पंचवीस मिनिटं! जेवायला हवा होता तो वेळ मिळाला, पण ट्रे उचलून झाल्यावर. मुलगा म्हणाला, "बाबा, आता खायला बोलवा ना त्यांना."

सामानाला केशरी 'प्रायॉरिटी'च्या चिठ्ठ्या होत्या. मुंजीसाठी लोंगसेव, जिरावन मसाला, रतलामी शेव, दोन खोकी भरून. पट्ट्यावर सगळ्यांचं सामान येऊन गेलं, पट्टा थांबला, पुन्हा सुरू झाला, मग आमची खोकी आली. एक फाटलेलं. पट्ट्यावर केशरी चिठ्ठी आणि तिच्यामागे शेवेची बारीक रांगोळी.

टॅक्सीत आई शांतपणे म्हणाली, "अवंतिका एक्स्प्रेसच्या फर्स्ट एसीत चार बर्थची खोली असते. दार लावून घेतलं असतं, पत्ते खेळलो असतो, मला पाय पसरता आले असते." पाचवा कुठे बसला असता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज देऊन इंदूरला रेल्वे आणली, आणि तू..." साडेचार टक्क्यांनी दिलं होतं ते कर्ज. होळकरांना व्याज मिळालं, मी मात्र १८ टक्के भरून आलो.

परतीची पाच तिकिटंही तीच आहेत, रविवार संध्याकाळची. रद्द करायला गेलो तर हातात येणाऱ्या रकमेत दादर ते ठाणे टॅक्सी तेवढी होईल. आई आत्ताच येऊन विचारून गेली, "अरे, अवंतिकेचं बघितलंस का?" बघितलं. फर्स्ट एसी, वेटिंग ४. तिचं एकटीचं काढलंय.